जाण्याआधी वही उघडूया

यंदाच्या मे महिन्यातील अखेरच्या रविवारी सायंकाळी वसई पश्चिमेतील आमच्या सोसायटीच्या सभागृहात एक छोटेखानी बैठक झाली. परिसरातील चार व्यापारी कुटुंबांतील मुलांची आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाची अंतिम परीक्षा नुकतीच संपली होती. येत्या काही महिन्यांत ही मुले चार दिशांना जाणार. तत्पूर्वी त्यांनी एकदा सगळ्यांसमवेत बसावे, शाळेच्या आठवणी सांगाव्यात, पुढचे बेत सांगावेत, अशी घरच्यांची इच्छा होती. मला मात्र आमंत्रण आले ते निराळ्या कारणाने. धान्याचा व्यापार करणारे आमचे एक स्नेही आदल्या दिवशी घरी आले आणि म्हणाले, "साहेब, मुलाला बाहेर पाठवायचे आहे. दुकान तारण ठेवायचे म्हणतो. तुम्ही बँकेत आयुष्य काढलेत, जरा कागद बघून द्या."

निवृत्त झाल्यावरही बँकवाल्याची सुटका नसते, असे मनाशी म्हणत मी गेलो. परतलो तेव्हा कर्जाच्या कागदांपेक्षा त्या मुलांचे बोलणेच अधिक मनात राहिले होते. म्हणून हे टिपण.

आठवणींची शिदोरी

सनसमारंभ, बक्षिसे, स्नेहसंमेलन यांविषयी मुले बोलतील अशी माझी अटकळ होती. ती चुकली.

कापड व्यापाऱ्यांची कन्या आठवीत असताना वसईच्या शाळेतून उपनगरातील आंतरराष्ट्रीय शाळेत गेली. पहिले सहा महिने वर्गात तिने तोंडच उघडले नाही. उत्तर येत असे, परंतु उच्चार चुकेल आणि सारे हसतील, ही धास्ती. एके दिवशी शिक्षिकेने तिला सांगितले, "तू आधी मराठीत सांग, मग आपण दोघी मिळून इंग्रजीत मांडू." तिने मराठीत सांगितले आणि वर्गाने ऐकून घेतले. त्या दिवसानंतर ती कधी गप्प बसली नाही, असे तिच्या आईने हसत सांगितले.

हार्डवेअरवाल्यांच्या मुलाची आठवण डब्याची होती. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, त्यामुळे मधल्या सुट्टीत त्याच्या डब्यातले सगळे खात, पण त्याला दुसऱ्याच्या डब्यातले घेता येत नसे. या एकतर्फी व्यवहाराचा त्याला संकोच वाटे. त्याच्या बाकावर बसणारा नंदाखालचा ख्रिस्ती मित्र ही अडचण ओळखून होता. हिवाळा सरला की तो घरून पानांत बांधलेली सुकेळी आणू लागला. वसईच्या राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली ती सुकेळी दोघेही निःशंकपणे खात. "शाळेत आम्हाला जगातल्या संस्कृतींवर प्रकल्प करावे लागायचे, मला मात्र सुकेळीच आठवतात," असे तो म्हणाला, तेव्हा सभागृहात हशा पिकला.

सराफांच्या मुलीची आठवण ऐकून मात्र सारे शांत झाले. तिच्या अभ्यासक्रमात समाजसेवेचा भाग सक्तीचा होता. तिने वसई पूर्वेकडील एका वीटभट्टीवरच्या मुलांना दर शनिवारी गणित शिकवण्याचे ठरवले. आरंभी आपण केवळ प्रमाणपत्रासाठी जात होतो, हे तिने प्रांजळपणे सांगितले. पुढे नोंदीचे काम संपले तरी तिचे जाणे थांबले नाही. जव्हार, मोखाडा, वाडा या भागांतून भट्टीवर येणारी कुटुंबे दिवाळीनंतर येतात आणि पावसाच्या तोंडावर गावी परततात, हे तिला ठाऊक नव्हते. परीक्षा आटोपून ती खाऊ घेऊन गेली, तेव्हा झोपड्या मोडलेल्या आणि भट्टी ओस पडलेली. "आम्हाला शाळेने निरोप दिला, त्यांना निरोप द्यायचा राहून गेला," एवढेच बोलून ती खाली बसली.

चौथा मुलगा आमच्या धान्यवाल्या स्नेह्यांचा. विरारच्या गाडीने रोजचा प्रवास, नायगाव आणि भाईंदर यांच्यामधल्या खाडीपुलावर दारातून येणारा वारा, पाठीवरच्या दप्तरावरून ऐकून घेतलेली बोलणी, असे तो थोडेसे बोलला. अभ्यासाविषयी विचारताच मात्र अडखळला आणि वडिलांकडे पाहू लागला. त्याचे कारण मला नंतर कळले.

ही 'आंतरराष्ट्रीय' शाळा म्हणजे काय?

आपल्याकडे शाळेच्या पाटीवर 'इंटरनॅशनल' हा शब्द सर्रास दिसतो. त्यांतील अनेक शाळांचा अभ्यासक्रम प्रत्यक्षात राज्य मंडळाचा किंवा सीबीएसईचा असतो. त्यात गैर काही नाही, परंतु पालकांनी पाटी न वाचता मंडळाची संलग्नता विचारावी. खऱ्या अर्थाने आंतरराष्ट्रीय म्हणावे असे आपल्याकडे प्रामुख्याने दोन अभ्यासक्रम आहेत. एक इंग्लंडमधील केंब्रिजचा, ज्यात दहावीच्या टप्प्यावर आयजीसीएसई आणि पुढे ए लेव्हल असते. दुसरा आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट. ही संस्था १९६८ साली जिनिव्हा येथे स्थापन झाली. देशोदेशी बदली होणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना कोठेही चालेल असे शालान्त शिक्षण मिळावे, ही त्यामागील एक प्रमुख गरज होती. भारतात कोडाईकनाल येथील शाळेने १९७६ साली हा अभ्यासक्रम प्रथम स्वीकारला.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे मुळशी तालुक्यात पौडजवळच्या डोंगरावर वसलेले महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज. हे १९९७ साली सुरू झाले. कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाच्या विचारांतून १९६२ मध्ये वेल्समध्ये सुरू झालेल्या अटलांटिक कॉलेजच्या परंपरेतील ही संस्था. निरनिराळ्या देशांतील मुले येथे दोन वर्षे एकत्र राहतात, आयबीचा पदविका अभ्यासक्रम पूर्ण करतात आणि पांगतात. दुसऱ्या महायुद्धाची आणि नंतरच्या शीतयुद्धाची झळ सोसलेल्या पिढीला वाटले की, वेगवेगळ्या राष्ट्रांची मुले ऐन तारुण्यात एका खोलीत राहिली, तर पुढे एकमेकांचे शत्रू होणे त्यांना अवघड जाईल. सुकेळी वाटून खाणारे दोन मित्र हेच तत्त्व खर्चाविना आचरत होते, असे मला वाटले.

आयबीच्या पदविकेत सहा विषय असतात. प्रत्येकाला कमाल ७ गुण, म्हणजे ४२. ज्ञानाच्या स्वरूपाची चिकित्सा करणारा एक विषय आणि ४,००० शब्दांपर्यंतचा एक संशोधनपर निबंध यांचे मिळून ३ गुण. एकूण ४५. उत्तीर्ण होण्यास किमान २४ गुण आणि काही अन्य अटी. सर्जन, कृती आणि सेवा हा भाग गुणांविना, पण सक्तीचा. मे महिन्याच्या परीक्षेचा निकाल जुलैच्या आरंभी लागतो. ही तारीख पालकांनी ध्यानात ठेवावी, कारण आपल्याकडील महाविद्यालयांचे प्रवेश बारावीच्या निकालापाठोपाठ सुरू होतात आणि ही मुले मागे पडू शकतात. आणखी एक गोष्ट. राज्याची एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर बेतलेली असते. मुलाला येथेच अभियांत्रिकीला घालायचे असेल, तर या तफावतीचा विचार अकरावीला प्रवेश घेतानाच करावा, शेवटच्या वर्षी नव्हे.

चार मुले, चार बेत

कापडवाल्यांच्या कन्येला वस्त्ररचनेचे शिक्षण घ्यायचे आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचे नाव तिने घेतले, पण न मिळाल्यास मुंबईत शिकेन, हेही सांगितले. दुकानातील गठ्ठ्यांमध्ये खेळत वाढलेली ही मुलगी व्यापाराकडेच, परंतु दुसऱ्या दाराने येत आहे. सराफांच्या मुलीला सनदी लेखापाल व्हायचे आहे आणि वसईतच राहायचे आहे. "इतके पैसे खर्चून शेवटी सीएच व्हायचे होते, तर साधी शाळा काय वाईट होती?" असे तिच्या काकांनी बोलून दाखवले. तिने शांतपणे उत्तर दिले, "काका, भट्टीवरच्या मुलांचे शनिवार मला साध्या शाळेत कदाचित मिळाले नसते." हार्डवेअरवाल्यांचा मुलगा म्हणाला की, त्याला काय करायचे ते अजून ठरलेले नाही. सभागृहात क्षणभर अवघडलेपण आले. मला मात्र त्याचे उत्तर आवडले. अठराव्या वर्षी सगळे ठरलेले असणे हा काही गुण नव्हे.

आणि धान्यवाल्यांचा मुलगा. त्याला अर्थशास्त्र शिकायला परदेशी जायचे आहे, असे त्याच्या वडिलांनी सांगितले. मुलगा काहीच बोलला नाही.

कर्जाचे अंकगणित

बैठक संपल्यावर मी वडिलांना बाजूला घेऊन कागद पाहिले. ते येथे उदाहरणादाखल सोपे करून मांडतो, कारण हा प्रश्न एका घराचा नाही.

समजा, तीन वर्षांच्या शिक्षणासाठी दरवर्षीच्या आरंभी १० लाख, असे एकूण ३० लाख रुपये १० टक्के दराने घेतले. शिक्षणाची तीन वर्षे आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालू. सरळव्याजाने चौथ्या वर्षाच्या अखेरीस पहिल्या १० लाखांवर ४ लाख, दुसऱ्यावर ३ लाख आणि तिसऱ्यावर २ लाख, असे ९ लाख रुपये व्याज चढते. परतफेड सुरू होते ती ३९ लाखांवर. दहा वर्षांची मुदत धरली, तर मासिक हप्ता सुमारे ५१,५०० रुपये. दहा वर्षांत भरावे लागतात जवळजवळ ६२ लाख. शिकत असतानाच दरवर्षीचे व्याज भरत गेले, तर हा बोजा बराच हलका होतो.

त्यात परकीय चलनाचा चढउतार. २०११ च्या मध्यास ४५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २०२२ मध्ये ८० रुपयांवर गेला. शुल्क डॉलरमध्ये आणि गल्ला रुपयांत, हे व्यापाऱ्याला निराळे समजावून सांगायला नको. दिलाशाच्या दोन गोष्टीही आहेत. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. तसेच १ एप्रिल २०२५ पासून, परदेशी शिक्षणासाठी मान्यताप्राप्त वित्तीय संस्थेच्या कर्जातून पाठवलेल्या रकमेवर उगमस्थानी कर गोळा केला जात नाही. काही बँका नामांकित विद्यापीठांसाठी बऱ्यापैकी रक्कम तारणाविना देतात. त्याची चौकशी आधी करावी. दुकान हे शेवटचे तारण असावे, पहिले नव्हे.

एका चुकीची कबुली

हे सारे सांगताना मला एक जुना प्रसंग आठवत होता. नोकरीत असताना, अन्य एका गावच्या शाखेत, एका व्यापाऱ्याने मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी गोदाम तारण ठेवले. कर्जाच्या अर्जावर मुलाचीही सही होती. मी ती घेतली. परंतु अटी समजावल्या त्या फक्त वडिलांना. मुलगा शेजारच्या खुर्चीवर बसून होता, आणि जेथे बोट ठेवले तेथे त्याने सही केली.

शिक्षण झाले, पण मुलाला मनासारखी नोकरी मिळायला दोन वर्षे लागली. त्या काळात वडील गुपचूप हप्ते भरत राहिले. माल कमी भरू लागले, उधारीवर घेऊ लागले. मुलाला फोनवर "सगळे ठीक आहे" एवढेच सांगत. मुलाला सत्य कळले ते सुट्टीवर घरी आला असताना, कपाटात सापडलेल्या थकबाकीच्या नोटिशीवरून. तो मला भेटायला शाखेत आला. रागावला नव्हता. फक्त म्हणाला, "सही माझी होती ना, साहेब? मग मला का नाही सांगितले? मी मिळेल ती नोकरी धरली असती."

त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. नियमाप्रमाणे कागद पूर्ण होता. नियमापलीकडचे काम मात्र मी केले नव्हते.

सोपाऱ्याच्या बंदरापासून

आपली माणसे दूरदेशी जाणे हे काही आजचे नाही. नालासोपाऱ्याला लागून असलेले सोपारा हे प्राचीन काळी मोठे बंदर होते. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील बुरूडराजाच्या कोटातील स्तूपाचे उत्खनन केले, आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तेथे मिळाला. जैन परंपरेतही सोपाऱ्याची एक कथा आहे. दीर्घ दुष्काळात जिनदत्त श्रेष्ठीच्या घरी एका वेळचे अन्न लाखाच्या मोलाचे झाले, आणि पत्नी ईश्वरी हताश होऊन त्यात विष कालवण्याच्या बेतात होती. त्याच वेळी आर्य वज्रसेन तेथे आले आणि उद्या धान्याची जहाजे येतील, असे त्यांनी सांगितले. जहाजे आली, आणि पुढे त्या घरच्या चार पुत्रांनी दीक्षा घेतली, अशी ती कथा. माझ्या व्यवहारी मनाला त्यात एक गोष्ट नेहमी जाणवते. लाखाची हांडी चुलीवर असतानाही घराने आपली खरी स्थिती आलेल्या साधूपासून लपवली नाही, म्हणून तर मार्ग निघाला.

दुसरे स्मरण वीरचंद राघवजी गांधी यांचे. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माचे प्रतिनिधित्व करण्यासाठी ते समुद्र ओलांडून गेले, तेव्हा समाजातील अनेकांनी त्यास कडाडून विरोध केला होता. आज त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. पुढे १९१५ साली विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय उभे राहिले आणि गावोगावच्या मुलांची शिकण्यासाठी राहण्या-जेवण्याची सोय झाली. अवघ्या दोन तपांत समाज विरोधाकडून पाठबळाकडे आला. आज मुलाला बाहेर पाठवण्यास कोणाचा विरोध उरलेला नाही. उलट, न पाठवणे कमीपणाचे वाटू लागले आहे. तेव्हा जाऊ नकोस म्हणून दबाव होता, आता जायलाच हवे म्हणून दबाव आहे.

निबंध कोणी वाचला?

त्या रात्री धान्यवाल्यांचा मुलगा मला जिन्यात गाठून म्हणाला, "आजोबा, पप्पांना सांगा ना, दुकान तारण ठेवू नका. मी बोललो तर त्यांना वाटेल, मी घाबरलो." दुकानावर आधीचेही थोडे कर्ज आहे, हे त्याला माहीत होते. कसे? त्याच्या त्या ४,००० शब्दांच्या निबंधामुळे. विषय होता विरारच्या बाजारातील किराणा दुकानांची उधारी. त्यासाठी त्याने आजोबांच्या काळापासूनच्या उधारीच्या वह्या चाळल्या होत्या.

मी त्याला हात धरून परत वर नेले आणि वडिलांना विचारले, "याचा निबंध वाचलात का?" ते ओशाळून म्हणाले, "साहेब, इंग्रजीत आहे. शाळेने चांगला म्हटला, एवढे ठाऊक."

"मग वाचून दाखव," मी मुलाला म्हणालो. "मराठीत सांग."

तो सांगू लागला. कोणत्या महिन्यात उधारी वाढते, शाळा सुरू होताना किती, गणपतीत किती. मग एका पानाशी थांबला. जुलै २०१८. त्या पावसात वसई-विरार कित्येक दिवस पाण्यात होते, नालासोपाऱ्याचे रूळ बुडून गाड्या थांबल्या होत्या. त्या महिन्यातील बावीस नावांपुढची रक्कम आजोबांनी आडवी रेघ मारून सोडून दिली होती. शेरा नाही, कारण नाही. "अर्थशास्त्रात याला बुडीत कर्ज म्हणतात," मुलगा म्हणाला, "पण त्या बावीसपैकी एकोणीस घरे आजही आपल्याकडूनच माल नेतात. माझा सगळा निबंध त्यावरच आहे."

वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग उठले, कपाटातून चालू वर्षाची वही काढली आणि मुलासमोर ठेवली. "हेही बघ मग," म्हणाले. "आता सगळेच बघ."

त्या रात्री बाराच्या पुढे आम्ही तिघे बसलो होतो. ठरले ते एवढे: दुकान तारण ठेवायचे नाही. घरातून किती देता येईल, तो आकडा पक्का केला. त्यात आणि बिनतारण कर्जात बसेल तेच परदेशी विद्यापीठ घ्यायचे. नाही बसले, तर पदवी मुंबईत किंवा पुण्यात आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेर. निकाल जुलैत आहे. मुलगा जाईल की राहील, हे लिहिताना मला माहीत नाही, आणि त्यालाही नाही. पण जिन्यात भेटला तेव्हाचे त्याच्या चेहऱ्यावरचे ओझे परतताना दिसले नाही.

पालकांना माझी एकच विनंती आहे. मुलांना पाठवा अथवा ठेवा, पण त्याआधी एक संध्याकाळ काढा आणि घराची वही त्यांच्यापुढे उघडा. येणे किती, देणे किती, कशाला हात लावायचा नाही, हे त्यांना कळू द्या. अठरा वर्षांचे मूल कर्जाच्या कागदावर सही करू शकते, तर ते ऐकूही शकते. आणि त्यांनी शाळेत जे लिहिले आहे, ते त्यांच्याकडून आपल्या भाषेत एकदा ऐका. आपल्याच घराविषयी त्यात काही असण्याची शक्यता बरीच आहे.